एकाच मोबाइलवर अख्ख्या वर्गाची उत्तरं

मी पाचवीला गणित शिकवते. मुलांकडे मोबाइल नाहीत आणि त्यांची गरजही नाही. मुलांनी धरलेली कागदी कार्डं फोनच्या कॅमेऱ्याने वाचून त्यांची उत्तरं टिपणाऱ्या प्लिकर्स या ॲपला शिक्षकाचा एक फोन आणि इंटरनेट पुरतं.

खातं उघडा, वर्गाची यादी भरा, कार्डं मोफत उतरवून छापून घ्या. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी-पांढरी नक्षी आणि चार कडांना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. हजेरी क्रमांक तोच कार्ड क्रमांक ठेवा, गोंधळ होत नाही. कागद जाड घ्या, पण चकचकीत लॅमिनेशन नको. उजेड चमकला की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही.

प्रश्न फळ्यावर लिहिला तरी चालतो. मोठा कोण, ए) १/३ की बी) १/४? मुलं आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला ठेवून कार्ड छातीशी धरतात. बोटं कडेला, नक्षीवर नाही. फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवा. नावं आणि उत्तरं उमटत जातात. शेजाऱ्याचं कार्ड वेगळं असल्याने बघून उत्तर देणं अवघड जातं, आणि कधीच हात वर न करणाऱ्या मुलांचंही म्हणणं कळतं. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. म्हणून या उत्तरांना गुण देऊ नका.

बरेच जण १/४ म्हणाले, तर लगेच उत्तर सांगू नका. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या द्या. एकीचे तीन, दुसरीचे चार समान भाग घड्या घालून करू द्या, जोडीत बोलू द्या आणि तोच प्रश्न पुन्हा स्कॅन करा. तरीही अडलेल्यांची नावं समोर असतातच. त्यांना जवळ बसवून पट्ट्यांचं काम पुढे चालवा.