मुलांना एकटं कॅबने पाठवताय? नागपूरच्या पालकांनो, या चुका टाळा

संध्याकाळचे आठ वाजले होते. माझी दहावीतली लेक क्लास सुटल्यावर छत्रपती चौकात पुलाखाली उभी होती, आणि तिला न्यायला आलेली कॅब पुलावर. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. ॲपच्या नकाशाला हे मजले कळत नाहीत. ड्रायव्हर मला फोनवर सांगत होता, "ताई, मी लोकेशनवरच आहे." लेक सांगत होती, "आई, मीपण तिथेच आहे." दोघंही खरं बोलत होते. गाडी बुक केली होती मी, घरून, त्रिमूर्ती नगरातून. ओटीपी माझ्या फोनवर, ड्रायव्हरचा नंबर माझ्याकडे आणि गाडीची वाट पाहणारी लेक तिकडे. पाच-सात मिनिटांत राइड कॅन्सल झाली, वर कॅन्सलेशनचे पैसे कापले गेले. लेकीच्या फोनची बॅटरी तेव्हा ९ टक्के होती.

तेव्हापासून आसपासच्या आईबाबांना मी एकच सांगते. प्रवास मूल करणार असेल तर प्रवासाची सगळी माहिती मुलाच्याच हातात पाहिजे. आमच्या बऱ्याचशा चुका तिथूनच सुरू झाल्या होत्या.

खातं कोणाचं?

राइडच्या ॲपवर स्वतःचं खातं काढायला साधारणपणे १८ वर्षं पूर्ण लागतात. मग घरोघरी दोन पळवाटा काढल्या जातात. मुलाचं वय खोटं टाकायचं, नाहीतर आपल्या खात्यावरून त्याच्यासाठी गाडी मागवायची. मी दुसरी काढली होती. पहिली तर नकोच. वय खोटं असलं की ॲप मुलाला मोठा माणूस समजतं, लहानांसाठीची कुठलीच सोय सुरू होत नाही आणि तक्रार करायची वेळ आली की आपलीच बाजू लंगडी पडते.

उबरने १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी वेगळं खातं आणलं आहे. ते आईवडिलांच्या खात्याला जोडलेलं असतं. आपल्या ॲपमध्ये 'फॅमिली'त जाऊन मुलाला आमंत्रण पाठवायचं. मग पिन, म्हणजे ओटीपीसारखा आकडा, मुलाच्या फोनवर दिसतो, तो सांगितल्याशिवाय राइड सुरू होत नाही, गाडी कुठे पोचली ते आपल्याला घरी दिसतं आणि गाडीतला आवाज रेकॉर्ड करायची सोयही मिळते. तुमच्या ॲपमध्ये हा पर्याय दिसत नसेल तर मुलाला एकटं कॅबने पाठवू नका. मेट्रो आहे, ओळखीचा ऑटो आहे.

नकाशावरची खूण पुलावर पडते

ही अडचण वर्धा रोडपुरती नाही. कामठी रोडवर एलआयसी चौकापासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत तसाच डबल डेकर पूल आहे. अशा ठिकाणी 'सध्याचं लोकेशन' निवडूच नका. मेट्रो स्टेशनचं नाव टाईप करा, किंवा मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीतलं दुकान, दवाखाना, मंदिर निवडा. बुक झाल्याबरोबर मुलाने ड्रायव्हरला मेसेज करायचा: "पुलाखाली आहे, मेट्रोच्या जिन्याजवळ." एवढ्या एका ओळीने आमच्या घरचे निम्मे फोन बंद झाले.

क्लासच्या गेटवर सगळी पोरं एकदम बुकिंग करतात, तिथेच भाडं चढतं. रस्ता उजेडाचा असेल आणि सोबत मैत्रिणी असतील तर एक चौक पुढे येऊन पुन्हा भाडं बघायला हरकत नाही. अंधारात मात्र वीस-तीस रुपयांसाठी पोरीला चालवू नका.

"कॅन्सल करा, तेवढ्यातच नेतो"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ड्रायव्हर गोड बोलतो, भाडं दहा रुपये कमी सांगतो आणि मूल बिचारं भिडेखातर हो म्हणतं. राइड कॅन्सल झाली की ॲपच्या दृष्टीने तुमचं मूल त्या गाडीत नाहीच. लाइव्ह लोकेशन बंद, रेकॉर्ड नाही, तक्रार करायला आधार नाही. आम्ही घरी चक्क तालीम केली. मी ड्रायव्हर झाले आणि लेकीला म्हणायला लावलं, "काका, आई ॲपवर बघते आहे, राइड चालूच ठेवा." पहिल्या दोन वेळा ती नुसती हसली. तिसऱ्यांदा नीट म्हणाली. वाक्य एकदा तोंडात बसलं की ऐन वेळी आठवतं.

गाडीत बसण्याआधी नंबर बघायचा, तोही ड्रायव्हरने हाक मारायच्या आत. शेवटचे चार आकडे ॲपशी जुळवायचे. शहरात एमएच ३१ आणि एमएच ४९ इतक्या दिसतात की सुरुवातीची अक्षरं पाहून काही कळत नाही. पाटीचा रंगही बघायला शिकवा. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. गाडी इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी, तिच्यात बसायचं नाही. आणि "कोणासाठी आलात?" हे मुलाने ड्रायव्हरला विचारायचं. स्वतःचं नाव आधी सांगून टाकायचं नाही.

स्वस्तात पडावं म्हणून

चार घरांनी मिळून एक कॅब केली तर २४० रुपयांचे माणशी ६० होतात. चूक होते ती उतरण्याच्या क्रमात. सोय बघून थांबे टाकले की शेवटी एकच मूल गाडीत उरतं, तेही बहुधा सगळ्यात लांबचं. शेवटच्या थांब्याला दोघं उतरतील असं बघा, नाहीतर सगळी एकाच घरी उतरू द्या आणि तिथून न्या. थांबे बुक करतानाच टाका, वाटेत बोलून ठरवू नका. ऑटोत तीनच. चौथ्याला ड्रायव्हरशेजारी बसवणं बंद करा.

क्लास मेट्रोजवळ असेल तर लांबचा टप्पा मेट्रोनेच काढा. त्या रात्री लेक शेवटी छत्रपती चौकातून मेट्रोने सीताबर्डीला आली, तिथे गाडी बदलून सुभाष नगरला उतरली आणि मी स्कूटरने तिला घेतलं. ती वाट तिला आधी माहीत असती तर आम्हा दोघींची घालमेल झाली नसती.

पैशांचं म्हणाल तर यूपीआय सर्कल बघा. आपल्या खात्यावरून मुलाला मर्यादेत खर्च करता येतो, पूर्ण मुभा दिली तरी महिन्याला १५,००० रुपयांच्या वर नाही. तरी दप्तरात शंभराच्या दोन नोटा सुट्या असू द्या.

या सगळ्या कटकटीपेक्षा स्कूटरच देऊन टाकू, असं बरेच बाबा म्हणतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

आणि बॅटरी. कंपासपेटीत एक चिठ्ठी ठेवली आहे: माझा नंबर, तिच्या बाबांचा नंबर, आणीबाणीचा ११२, मुलांच्या मदतीचा १०९८. फोन बंद पडला तर मेट्रो स्टेशनच्या काउंटरवर जाऊन ती चिठ्ठी दाखवायची, हे तिला पाठ आहे.