पसंतीक्रम भरण्याआधी: मुंबईचं मेडिकल कॉलेज की जिल्ह्याचं?

नीटचे मार्क, स्टेट मेरिट नंबर, मागचे कटऑफ हे तुमच्याकडे असेलच. एवढंच बघा की ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) २०२० मध्ये गेला, त्याआधीचे कटऑफ आता कामाचे नाहीत. कॉलेजबद्दल काय काय विचारायचं, त्या यादीची पहिली ओळ मात्र होस्टेल.

वेबसाइटवरचा होस्टेलचा फोटो पुरावा धरू नका. कॉलेजच्या ऑफिसात फोन करा, रेक्टर कोण ते विचारा आणि त्यांच्याशीच बोला. पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना खोली मिळते, की मेरिट आणि गावाचं अंतर बघून? अ‍ॅडमिशनच्या दिवशीच मिळते की दोन महिन्यांनी? एका खोलीत किती जण? मुलांचं आणि मुलींचं वेगवेगळं विचारा, कारण उत्तर बरेचदा वेगळं येतं. आणि एमबीबीएसची साडेचार वर्षं संपल्यावर इंटर्नशिपच्या वर्षात खोली राहते का? हे कोणी विचारत नाही, आणि नाइट ड्यूट्या नेमक्या त्याच वर्षी असतात.

मुंबईत खोली मिळणार नसेल तर कॉलेज कटऑफवर ठरत नाही, रेल्वेलाइनवर ठरतं. जेजेला भायखळा स्टेशन, सायनला सायन, म्हणजे मध्य रेल्वे. नायरला मुंबई सेंट्रल, कूपरला विलेपार्ले, म्हणजे पश्चिम. केईएम परळ आणि प्रभादेवी अशा दोन्ही बाजूंनी जमतं. कल्याणच्या मुलीने कूपर पसंतीत वरती लिहिलं की दादरला गाडी बदलणं आलं, तेही ऐन गर्दीत, रोज. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, लोकल लेट होती हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. ‘मावशीकडे राहील’ हा तोडगाही फार धरून चालू नका. डिसेक्शनहून आलेल्या अ‍ॅप्रनला फॉर्मॅलिनचा वास असतो, बेडरूममध्ये हाडांचा सेट पसरलेला असतो आणि परीक्षेच्या महिन्यात रात्री दोनपर्यंत दिवा चालू. होस्टेलच विचारा.

जिल्ह्याला गेलो म्हणजे हा प्रश्न सुटला असंही नाही. गेल्या काही वर्षांत सिंधुदुर्ग, सातारा, धाराशिव, परभणी, मग हिंगोली, वाशीम, गडचिरोली अशी सरकारी कॉलेजं निघाली. नव्या ठिकाणी वर्ग एका जागी, हॉस्पिटल दुसरीकडे आणि होस्टेल भाड्याच्या इमारतीत असू शकतं. तिन्हींमधलं अंतर नकाशावर मोजा. रात्री अकरानंतर रिक्षा मिळते का, तेही विचारा.

आता पेशंट. ‘मुंबईत पेशंट भरपूर’ हे खरं, पण अर्धंच. मोठ्या हॉस्पिटलात दुर्मीळ केस दिसतात, पण पेशंटभोवती आधी रेसिडेंटचा, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरांचा घोळका असतो आणि एमबीबीएसचा विद्यार्थी मागच्या रांगेतून मान उंच करून बघतो. जिल्ह्याला सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, अपघात, बाळंतपणं हाताशी येतात. मात्र कॉलेज नवं असेल, पीजीचे विद्यार्थी नसतील आणि शिक्षकांची पदं रिकामी असतील तर शिकवणार कोण? शिवाय गंभीर केस पुढे पाठवून दिल्या जातात. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या किंवा इंटर्न विद्यार्थ्याला गाठा. पहिल्या वर्षाच्याला वॉर्डातलं फारसं माहीत नसतं. वॉर्डातल्या पोस्टिंगला एका बॅचमध्ये किती जण? केस स्वतः घेऊन मांडता येते का? इंटर्नने स्वतःच्या हाताने किती डिलिव्हरी केल्या, की वर्षभर रक्ताचे नमुनेच पोचवले? अ‍ॅनाटॉमीला एका मृतदेहावर किती विद्यार्थी?

खाटांचे आकडे कागदावर जुळलेलेच असतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) २०२३ च्या निकषांत १०० जागांना ४२० आणि १५० जागांना ६०५ खाटा आहेत. त्या भरलेल्या आहेत का, ते कागदावरून कळत नाही. साध्या दिवशी सकाळी साडेदहाला मेडिसिनच्या वॉर्डात आणि ओपीडीत एक फेरी मारा. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, फेरी फुकट जाईल. तिथे गेलातच आहात तर होस्टेलही आतून बघा: पाणी किती तास येतं, मेस चालू आहे की बंद.

पुढच्या पीजी प्रवेशाचं फार मनावर घेऊ नका. नीट-पीजीच्या मार्कांत कॉलेजचं नाव मोजलं जात नाही. सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा (शिक्षणानंतर करायची सक्तीची नोकरी) आहेच, मुंबई काय नि मिरज काय.

फॉर्म भरताना: ज्या कॉलेजचं होस्टेल विचारलेलं नाही ते वर लिहू नका. नुसतं ‘मुंबई आहे’ म्हणून तर अजिबात नाही. मिळालेली जागा पसंत असेल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरा, म्हणजे हीच जागा ठेवतो असं लिहून द्या. तो न भरता पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं की हातातली जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही. फेऱ्यांचे नियम बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सल्ले नकोत.

कागदपत्रं: डोमिसाइल, जात वैधता, चालू मुदतीचं नॉन-क्रिमीलेअर, ठरलेल्या नमुन्यातलं मेडिकल फिटनेस. मूळ प्रती, झेरॉक्सचे तीन संच, फोटो. फीचा डीडी कोणाच्या नावे काढायचा ते कॉलेजलाच विचारून मग बँकेत जा.