फोटोतली फ्रीक्वेन्सी फिल्टर करताय? या चुका टाळा

फोनच्या कॅमेऱ्यावर फूरिये (फोटोतली नक्षी किती दाट पुन्हा येते, म्हणजे तिची फ्रीक्वेन्सी, वेगळी काढणारं गणित) दाखवणारं अॅप शिकायचं, तर ग्वाल्हेरकरांना नमुने शोधत हिंडायला नको. हजिऱ्याला मोहम्मद गौस यांच्या सोळाव्या शतकातल्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या आहेत, तानसेनाची समाधी आहे त्याच आवारात. तोच आकार ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा. सरावाला आणखी काय हवं? तरी बहुतेक जण फोटो काढतात, लो-पासचा (बारीक तपशील गाळणाऱ्या फिल्टरचा) स्लायडर ओढतात, चित्र धूसर झालं की त्याच्या उलट काम करणारा हाय-पास लावून बघतात आणि कंटाळून अॅप बंद करतात.

पहिली चूक हीच. फिल्टरला हात लावण्याआधी स्पेक्ट्रम, म्हणजे अॅप दाखवतं तो फ्रीक्वेन्सींचा नकाशा, वाचायला शिका. मधला ठळक ठिपका म्हणजे फोटोतला सरासरी उजेड. त्याच्या आसपास सावकाश बदलणारा उजेड-सावलीचा भाग, बाहेरच्या कडेला बारीक तपशील. 512 पिक्सेल रुंद चित्रात जाळीची नक्षी आडवी 32 वेळा आली, तर मध्यापासून 32 घरं (स्पेक्ट्रमचे पिक्सेल) डावीकडे एक आणि तितक्याच अंतरावर उजवीकडे एक ठिपका दिसतो. एकदा स्वतः मोजून बघाच. उभ्या गजांचे ठिपके आडव्या रेषेत येतात, आणि नवशिक्यांची गल्लत होते ती हमखास इथेच. षटकोनी जाळी असेल तर मध्याभोवती सहा ठिपके. स्पेक्ट्रम नुसताच काळा दिसत असेल तर अॅप बिघडलेलं नाही. लॉग स्केल (फिके ठिपकेही दिसतील अशी मोजपट्टी) चालू करा. मधल्या ठिपक्यापुढे बाकीचे फिके पडतात, इतकंच.

ठिपक्यांचे फराटे झालेत? मग जाळी तिरकी टिपली आहे. जवळची भोकं मोठी, लांबची लहान, म्हणजे फ्रीक्वेन्सी एक राहिलीच नाही. समोर सरळ उभे राहा, कॅमेऱ्याचं ग्रिड लावा. डिजिटल झूम नको: तो नवा तपशील आणत नाही, स्पेक्ट्रमच्या कडा रिकाम्याच राहतात.

मधोमध उभा-आडवा क्रॉस दिसला तर तो जाळीचा समजू नका. गणित चित्राची डावी कड उजवीला आणि वरची खालचीला जोडलेली धरतं. त्या जुळल्या नाहीत की क्रॉस उमटतो. अॅपमध्ये हॅन विंडो (चित्र कडांकडे हळूहळू फिकं करणारी सोय) असेल तर ती लावा.

घरी सराव करताना दिव्याकडे लक्ष द्या. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे काही एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. सेन्सर ओळीओळीने वाचतो आणि फोटोत पट्टे येतात. शटर 1/100 किंवा 1/50 ठेवा.

चंदेरी साडीचं बारीक विणकाम लांबून टिपलं की नसलेल्याच लाटा दिसतात. एका आवर्तनाला निदान दोन पिक्सेल लागतात. तेवढे मिळाले नाहीत की बारीक नक्षी खोट्या, जाड नक्षीचं रूप घेते. नंतर लो-पास लावून ती जात नाही, कारण ती आता खालच्या फ्रीक्वेन्सीत जाऊन बसलेली असते. जवळ जाऊन फोटो पुन्हा काढा.

लो-पासनंतर कडांभोवती वलयं उठली तर फिल्टरचा काठ फार तीक्ष्ण आहे, हळूहळू उतरत्या काठाचा गॉशियन निवडा. आणि फोटोतून जाळीच पुसायची असेल तर जोडीतले दोन्ही ठिपके पुसा, एकच पुसलात तर ती नुसती अर्ध्यावर फिकी पडेल. 64 आणि 96 घरांवरचे (32 च्या दुप्पट-तिप्पट) तिचे भाईबंदही बघा, तेही काढावे लागतात.