एकाच खोऱ्यातल्या जलतज्ज्ञांनी आकडे कसे जुळवावेत

धरणाचे अभियंते, भूवैज्ञानिक, नदीचा प्रवाह मोजणारे आणि शहराचा पाणीपुरवठा पाहणारे एकत्र बसले की बैठकीचा बराच वेळ आकड्यांच्या वादात जातो. म्हणून पहिली बैठक फक्त मोजमापावर घ्या. पाणीवाटपाचा विषय त्या दिवशी काढूच नका.

आधी एकक ठरवा. 1 क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) म्हणजे 35.31 क्युसेक (सेकंदाला घनफूट), तो दिवसभर वाहिला तर 86,400 घनमीटर होतो. सामायिक तक्त्यात एकच एकक ठेवा, पण मूळ नोंद शेजारच्या रकान्यात जशीच्या तशी राहू द्या. रूपांतरातली चूक तिथेच सापडते. मग पातळी. नदीवरच्या मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, विहिरीचं पाणी कठड्यावरून मोजलं की जमिनीपासून, हे लिहून घ्या. 0.8 मीटरचा कठडा वजा करायचा राहिला, तर पाणी तेवढं जास्त खोल दिसतं आणि सपाट भागात भूजलाच्या प्रवाहाची दिशाच नकाशावर उलटी येऊ शकते. दिवस कधी सुरू होतो हेही ठरवा. पाऊस सकाळी मोजला जातो आणि धरणाचा विसर्ग मध्यरात्री ते मध्यरात्री धरला, तर पूर पावसाच्या आधी आल्यासारखा दिसतो.

यानंतर एकदा सगळ्यांनी मिळून नदीवर प्रवाह मोजावा. वरच्या धरणाला दरवाजे हलवू नका असं आधीच कळवा. पाणी मोजणीच्या जागी पोहोचायला लागणारा वेळ अधिक मोजणीचा वेळ, एवढा काळ विसर्ग स्थिर हवा. पात्राचे 20 ते 25 उभे छेद घ्या आणि कुठल्याही एका भागातून एकूण प्रवाहाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ देऊ नका. उथळ जागी करंट मीटर (पाण्याचा वेग मोजणारं उपकरण) पृष्ठभागापासून तिथल्या एकूण खोलीच्या 0.6 पट खाली धरा. खोल जागी खोलीच्या 0.2 आणि 0.8 पटीवर मोजून सरासरी काढा. दोन पथकांच्या आकड्यांत 5 टक्क्यांपर्यंत फरक चालेल. जास्त आला तर हिशेब तपासायच्या आधी उपकरणं अदलाबदल करून पुन्हा मोजा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तेच पाणी दोनदा मोजणं. वरून धरणाचा विसर्ग किंवा वितळलेला बर्फ येत नसेल, तर कोरड्या ऋतूत नदीत वाहणारं पाणी बहुतांशी भूजलच असतं. भूजलवाले ते उपशासाठी उपलब्ध धरतात, नदीवाले तेच पाणी प्रवाहात धरतात, आणि दोघांचेही अहवाल आपापल्या जागी बरोबर असतात. विहिरींचा उपसा वाढतो तसा नदीचा प्रवाह घटतो, कधी काही महिन्यांनी, कधी वर्षांनी. कालव्याच्या गळतीचंही तसंच: कालव्याच्या हिशेबात ती तूट, विहिरींच्या हिशेबात पुनर्भरण. यावर उपाय म्हणजे खोऱ्याचा एकच ताळेबंद मांडणं. त्यात भूजलातून नदीत येणाऱ्या पाण्यासाठी आणि गळतीसाठी वेगळी ओळ ठेवा आणि प्रत्येक ओळ कुणाच्या ताब्यात हे नावानिशी लिहा.

जलाशयाच्या ताळेबंदात आवक, जावक आणि साठ्यातला बदल यांचा मेळ घालून उरणारी तफावत नीट वाचा. 20 चौरस किलोमीटरच्या जलाशयात पातळी 1 सेंटीमीटर चुकली की 2 लाख घनमीटरचा फरक पडतो. एका दिवसाच्या हिशेबात तो सुमारे 2.3 क्युमेक खोटी आवक किंवा तूट दाखवतो. वाऱ्यामुळेही एवढी चूक सहज होते, म्हणून कमी आवकेच्या दिवसांत पाच-सात दिवसांची सरासरी घ्या. तफावत सतत एकाच बाजूला झुकत असेल तर गाळ साचून जुना झालेला, पातळीवरून साठा सांगणारा तक्ता, बाष्पीभवनाचा अंदाज किंवा न मोजलेला उपसा तपासा. ती मधूनच उडी मारत असेल तर बहुधा नोंद चुकलेली असते.

दुसऱ्या विभागाचा आकडा परस्पर दुरुस्त करू नका. संशय वाटला तर खूण करा, कारण लिहा आणि ज्यांचा आकडा आहे त्यांना विचारा. मोजपट्टी रोज वाचणाऱ्या माणसालाही बैठकीला बोलवा. पट्टी कधी वाकली, कधी गाळात रुतली हे त्यालाच माहीत असतं.