खूप वर्षं उभी असलेली पद्मिनी चालू करायचीय? मग आधी चावी बाजूला ठेवा

मुंबईत अजूनही कितीतरी सोसायट्यांमधे मागच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली एखादी प्रीमियर पद्मिनी गाडी उभी असते. आजोबांची किंवा वडिलांची असते, भंगारात द्यायला कोणाचंच मन होत नाही, आणि मग एखाद्या रविवारी घरातलं कोणीतरी उत्साहाने नवीन बॅटरी आणून लावतं आणि सेल्फ मारतं. माझी कळकळीची विनंती आहे, हे करू नका. इतकी वर्षं नुसतं उभं राहून जे इंजिन वाचलेलं असतं ते अशा एका सेल्फने जाऊ शकतं. कारण सगळं ऑइल केव्हाच इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधे उतरलेलं असतं, सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात, आपल्या समुद्राकाठच्या दमट हवेने त्यावर गंजाचा पातळ थर धरलेला असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असतो. तशात सेल्फने जोर लावला की भिंतीवर ओरखडे पडतात, रिंग तुटते नाहीतर व्हॉल्व्ह हलवणारा पुशरॉड वाकतो, आणि मग पूर्ण इंजिन उतरवण्याशिवाय इलाज नसतो. धक्का मारून स्टार्ट करणं तर त्याहून वाईट.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: इंजिन हाताने फिरतंय का, मग ऑइल, मग करंट, मग पेट्रोल, मग पाणी, आणि चावी सगळ्यात शेवटी. मी पद्मिनी धरून लिहितोय, कारण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातलं ते १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन इथे सगळ्यात जास्त सापडतं, पण अँबॅसिडर किंवा हेराल्ड असली तरी क्रम हाच.

सुरुवात करण्याआधी

शक्यतो पावसाळा संपल्यावर हात घाला, उघड्यावर प्लग काढून ठेवायचे आणि वरून सर आली तर केलेलं सगळं पाण्यात. जागा मोकळी हवी, बंद गॅरेजमधे इंजिन चालू करायचं नाही कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. जवळ आग विझवायचा सिलिंडर हवाच, रेतीची बादली असली तर अजून बरं. चाकांखाली विटा लावा. काहीही सोडवण्याआधी मोबाईलवर भरपूर फोटो काढा, विशेषतः प्लगच्या वायरी कुठली कुठे जाते त्याचे.

मग उंदीर. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा, डॅशबोर्डखालच्या वायरी बघा. कुरतडलेल्या वायरिंगवर बॅटरी जोडली तर गाडी पेटू शकते, त्यामुळे वायरिंग पूर्ण बघून होईपर्यंत बॅटरी लावूच नका.

इंजिन फिरतंय का

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पद्मिनीचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, अॅल्युमिनियमचं आहे आणि त्यात लोखंडी प्लग वर्षानुवर्षं बसलेले असतात, जोर केला की प्लगबरोबर हेडचे आटे पण बाहेर येतात. आधी प्लगभोवतीची धूळ हवेने उडवा नाहीतर ती सरळ आत पडेल, मग गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लगपाना लावून पाव फेरा सोडवा, परत थोडा आवळा, परत सोडवा, असं मागे-पुढे करत काढा. कर्र आवाज आला की थांबा आणि पुन्हा स्प्रे मारा.

निघालेले चारही प्लग ओळीने एका फडक्यावर ठेवा, कुठला कितव्या सिलिंडरचा ते लिहून. टोक काळं आणि कोरडं असेल तर चिंता नाही. पण तीन प्लग काळे आणि एकाच्या टोकाला तांबूस पूड चिकटलेली, आटे ओलसर, असं दिसलं तर त्या सिलिंडरमधे पाणी उतरलंय असं समजा, बहुतेक हेड गॅसकेट गेलेलं असतं आणि हेड उघडावं लागेल.

आता प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे ऑइल सोडा. मी ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि डिझेल अर्धं-अर्धं मिसळतो, ते पातळ असल्यामुळे रिंगांपर्यंत झिरपतं. निदान दोन दिवस हात लावू नका. मग प्लग बाहेरच ठेवून गाडी चौथ्या गिअरला टाका आणि दोघांनी मिळून हळूच पुढे-मागे हलवा, किंवा इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून फिरवा. एक इंच जरी हललं तरी निम्मी लढाई जिंकली, तेवढ्यातच मागे-पुढे करत राहा, फेरा आपोआप वाढत जातो. अजिबात हललं नाही तर पान्याला पाइप लावून ताकद लावायची नाही, परत ऑइल सोडायचं आणि आठवडाभर थांबायचं. घाटातल्या पाट्यांवर लिहिलेलं असतं ना, अति घाई संकटात नेई, ते इथे शब्दशः लागू आहे. दोन-तीन आठवडे असं करूनही जाम असेल तर मग मेकॅनिककडे हेड उतरवायला द्या.

फिरायला लागलं की वरचं टॅपेट कव्हर काढा. एकाने इंजिन हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्याने आठही व्हॉल्व्ह बघायचे. रॉकर (व्हॉल्व्हवरचा छोटा दांडा) खाली दाबतो, स्प्रिंग दबते, मग व्हॉल्व्ह परत वर आला पाहिजे. रॉकर वर गेला आणि व्हॉल्व्ह खालीच राहिला, मधे फट दिसली, की तो अडकला. त्याच्या दांड्यावर ऑइल टाका, प्लास्टिकच्या हातोडीने अगदी हलके टकटक करा, मोकळा होईपर्यंत इंजिन फिरवू नका. बरेच मेकॅनिक हे बघतच नाहीत आणि पुशरॉड वाकतात ते इथेच.

ऑइल

जुनं ऑइल चेंबरच्या नटातून काढा, आणि काढताना लक्ष ठेवा. आधी पाणी आलं तर आत ओल गेलीय, रंग चहासारखा दुधाळ असला तरी तेच. पेट्रोलचा वास आला तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल ऑइलमधे उतरत होतं, असा पंप तसाच ठेवून इंजिन चालवलं तर बेअरिंगं जातात. नवीन ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० टाका, महागडं सिंथेटिक ह्या इंजिनाला नको. फिल्टर बदला.

आता कुठे बॅटरी. प्लग अजून बाहेरच, कॉइलची वायर काढलेली, गाडी न्यूट्रलला, आणि मग सेल्फ एका वेळी दहा सेकंद, मधे मिनिटभर विश्रांती. भोकांवर जुनं फडकं टाका, आतलं ऑइल उडतं. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत हे करायचं. दिवा विझला म्हणजे ऑइल पंपाने ऑइल उचललं. काही केल्या विझत नसेल तर पुढे जाऊ नका, आधी कारण शोधा.

ह्याच वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधे हवेचा दाब किती बनतो, ते मोजून घ्या. चांगल्या इंजिनात साधारण १२० ते १५० पीएसआय मिळतं, पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. एखादा कमी असला तरी घाबरू नका, चिकटलेली रिंग बऱ्याचदा थोडं चालल्यावर सुटते.

करंट

प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडा. बहुतेक वेळा सगळा आजार आतल्या पॉइंटवर (करंट जोडणारा-तोडणारा भाग) असतो, दोन्ही टोकांवर राखाडी बुरशीसारखा थर चढतो आणि करंट जातच नाही. बारीक पॉलिश पेपरने घासा, मग कोरा कागद मधे धरून ओढा म्हणजे पूड राहणार नाही. गॅप फिलर गेजने साधारण ०.४५ मिलिमीटर. कंडेन्सर नवीन टाका, स्वस्त असतो. प्लग नवीन, वायरी कडक झाल्या असतील तर त्याही नवीन, आणि जोडताना फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२. प्लग इंजिनाच्या बॉडीला टेकवून बघा, निळी कडक ठिणगी हवी. ही तपासणी भोकांपासून लांब आणि पेट्रोल उघडण्याआधीच करायची. पिवळी, दमलेली ठिणगी असेल तर कॉइल बघा.

पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखा वास मारतं, ते पूर्ण काढा आणि कृपा करून गटारात ओतू नका. टाकी आतून गंजलेलीच असते, ती उतरवून साफ करणं हे वेगळं काम आहे. त्यामुळे पहिल्या स्टार्टला टाकी वापरायचीच नाही, छोटा पेट्रोलचा डबा वेगळा ठेवून नवीन होज पंपाला जोडायचा.

पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं आणि सगळे रबरी होज बदला, दिसायला चांगले असले तरी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमधे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्या काळचं रबर ते सहन करत नाही, फुगतं आणि फाटतं. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेतं, त्यामुळे पुढेसुद्धा टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. कार्बोरेटर उघडला की त्यातले जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) क्लीनर स्प्रेने साफ करा, भोकात लोखंडी तार घालू नका, भोक मोठं झालं की गाडी कायम जास्त पेट्रोल पिणार.

पाणी

रेडिएटर आणि ब्लॉक धुवा, लालभडक पाणी येईल, स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा. नंतर नुसतं नळाचं पाणी न भरता कूलंट भरा, कारण हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, साध्या पाण्यात हेड आतून खाल्लं जातं. होज आणि फॅन बेल्ट नवीन.

आता चावी

प्लग बसवा, चोक ओढा, सेल्फ. एकदा पकडलं की अॅक्सिलरेटर दाबून गुरगुरवायचा मोह होतो, तो टाळा, नुसत्या हजार-बाराशे आरपीएमवर चालू द्या. ऑइलचा दिवा दोन-चार सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. सिलिंडरमधलं ऑइल जळत असल्यामुळे सुरुवातीला पांढरा-निळा धूर खूप येतो, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. दहा-पंधरा मिनिटांत तो कमी झाला पाहिजे. तोवर एकाने पेट्रोलच्या होजवर आणि एकाने पाण्याच्या टेंपरेचरवर नजर ठेवायची. अर्धा तास चाललं की ऑइल परत बदला, आतली सगळी घाण त्यात आलेली असते.

इंजिन चालू झालं म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायची असं नाही. ब्रेकचे व्हील सिलिंडर गंजून चिकटलेले असतात, ब्रेक ऑइलने ओलावा धरलेला असतो, ते पूर्ण बघा. दमट हवेने क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते, हेही इथे नेहमीचं. टायर वरून चांगले दिसले तरी बदलाच.

पार्टसाठी ऑपेरा हाऊसच्या बाजूची दुकानं आणि कुर्ल्याचा जुन्या मालाचा बाजार पालथा घाला. आणि एक मनापासून सांगतो, टॅक्सीची पद्मिनी केलेला एखादा जुना मेकॅनिक शोधा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली होती, वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ मधे त्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या, पण ज्यांनी त्या रोज उघडल्या ती माणसं अजून आहेत, नुसत्या आवाजावरून कुठला टॅपेट सैल आहे ते सांगतात. त्यांच्या हाताखाली आत्ताच शिकून घ्या.

कागदपत्रांचं काम इंजिनाबरोबरच सुरू करा. पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं उलटली असतील आणि गाडी मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आहे, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. रोज चालवायची असेल तर आरटीओत नेहमीचं री-रजिस्ट्रेशन आणि ग्रीन टॅक्स, आणि इन्शुरन्स हातात आल्याशिवाय गेटबाहेर काढू नका.