ओलिताच्या रात्री लॅटिन

हरभऱ्याला रात्रीचीच लाइन मिळते. मोटर सुरू केली की बांधावर बॅटरी लावून मी ओर्बेर्गचं 'फामिलिया रोमाना' हे लॅटिन शिकायचं पुस्तक उघडतो. आत सगळं लॅटिनच. अर्थ चित्रांतून अन् समासातल्या टिपांतून उमगतो. म्हणून शब्दकोश घरीच ठेवा. धडा मोठ्यानं वाचा, मग पुन्हा. तरी अडलं तर दोन धडे मागं जा. ३५ धडे आहेत, घाई कशाची?

विभक्तीला भिऊ नका. 'आग्रिकोला बोवेम वोकात', शेतकरी बैलाला हाक मारतो. आता 'बोवेम आग्रिकोला वोकात' म्हणा; तरी हाक शेतकरीच मारतो. 'बोवेम'मधला शेवटचा 'म' म्हणजे आपला 'ला'.

वाक्यं आपल्याच वावरातली करा. मी वखराला शब्द शोधत बसलो अन् पाणी शेजाऱ्याच्या तुरीत गेलं.