पत्रिका उघडली, आता फोनचं काय?

लग्नसराईतल्या एका सकाळी मी दुकानाचं शटर अर्धं वर करतोय तोच तात्या आले. शेपटीला धरलेला उंदीर असावा तसा फोन दोन बोटांत धरलेला. "बाळा, ह्यो हॅक झालाय. समदं पुसून टाक."

कराडला स्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. "पुसून टाक" म्हणत येणारं गिऱ्हाईक नवीन नाही. पण पुसायचं सगळ्यात शेवटी. आधी विचारायचं ते हे: फाईल नुसती डाउनलोड झाली, की इन्स्टॉल केली, की वर परवानग्याही दिल्या?

तात्यांना व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' आली होती, ओळखीच्याच नंबरावरून. नावाच्या शेवटी 'एपीके' होतं. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, ॲप. हीच चीज कधी आरटीओचं चलन म्हणून येते, कधी पीएम किसानची यादी म्हणून, कधी बँकेचं केवायसी म्हणून. अशी फाईल डाउनलोडमध्ये नुसती पडून असेल तर ती आपली आपण चालू होत नाही. 'फाईल्स' उघडा, डिलीट करा, ट्रॅशमधूनही काढा, आणि चहा प्या. फोटो किंवा पीडीएफ नुसती उघडल्यानं अपडेट केलेला फोन सहसा हातचा जात नाही. पीडीएफमधल्या लिंकवर जाऊन पासवर्ड भरला असेल तर गोष्ट वेगळी. आयफोनवर एपीके चालतच नाही.

तात्यांनी मात्र 'इन्स्टॉल' दाबलं होतं, आणि पुढं जे जे विचारलं त्याला 'अलाऊ'. "पत्रिका दिसंना म्हनून दाबत गेलो."

अशा वेळी फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका, आणि वायफाय खरंच बंद झालंय का ते बघा. काही फोनांत ते चालूच राहतं. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करा. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या, गूगलवर शोधलेला नको. यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. तिथं व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम विचारतात, म्हणून ते कागदावर लिहून ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवता आले तर आले, म्हणून इथं घाई करायची. बाकी फोन तपासायला दुपार झाली तरी चालते. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला. त्याच फोनवर बदललात तर नवा पासवर्डही ठगाच्याच हातात देताय.

आता ते ॲप शोधायचं. स्क्रीनवर शोधू नका, ही ॲप्स आपलं चिन्ह लपवतात. सेटिंग्जमध्ये ॲप्सची पूर्ण यादी उघडा. तात्यांच्या फोनात त्याला नावच नव्हतं, नुसती कोरी जागा. अनइन्स्टॉलचं बटण दाबलं जात नसेल तर त्यानं 'डिव्हाइस ॲडमिन' हक्क घेतलेत. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'डिव्हाइस ॲडमिन' टाकून त्या ॲपचा हक्क आधी बंद करा. तरी दाद देत नसेल तर सेफ मोड: बऱ्याच फोनांत पॉवरचं बटण दाबून 'पॉवर ऑफ'वर बोट थोडा वेळ धरलं की तो पर्याय येतो. त्यात बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, मग निमूटपणे निघतात. काढण्याआधी त्या चॅटचा आणि ॲपच्या पानाचा फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा, तक्रारीला लागतो.

ॲप गेलं तरी हात तिथंच थांबवू नका. एसएमएसची परवानगी कुणाकुणाला आहे ते बघा. ओटीपी चोरायला तेवढी पुरते. तसंच 'नोटिफिकेशन ॲक्सेस', 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' आणि सगळ्यात घातक 'ॲक्सेसिबिलिटी'. ही शेवटची दिली की ते ॲप तुमच्या स्क्रीनवरचं वाचतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबतं. अँड्रॉइड 13 पासून बाहेरच्या ॲपला ती सहज मिळत नाही, म्हणून ठग फोनवर बोलत बोलत तुमच्याकडूनच ते कुलूप काढून घेतात. प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' बंद केलेलं असेल तर चालू करून स्कॅन करा. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी काही दिसलं तर लॉगआउट, आणि टू-स्टेपचा पिन लावा. गूगल खात्यातली उपकरणांची यादीही बघा.

*#21# दाबलं की फोन हॅक आहे का ते कळतं, असा मेसेज दर दोन महिन्यांनी फिरतो. तसलं काही कळत नाही. कॉल दुसरीकडे वळवलेत का, एवढंच दिसतं. *#62# दाबून अनोळखी नंबर दिसला म्हणून लोक घाबरून येतात. बहुतेकदा तो सिमकंपनीचाच असतो. खात्री करायची तर सिमकंपनीच्या कस्टमर केअरला विचारा. फोन तापतो, बॅटरी उतरते, ह्यावरूनही काही ठरवू नका. माझ्याकडे असले निम्मे फोन जुन्या बॅटरीचे निघतात.

एवढं करूनही ॲक्सेसिबिलिटी दिली होती अशी शंका असेल, तर मग खुशाल फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोन सगळा पुसून टाका. फोटो आणि नंबर आधी काढून घ्या. ॲप्स मात्र बॅकअपमधून न आणता प्ले स्टोअरवरून नव्यानं टाका.

तात्यांचे पैसे वाचले, खात्याचं यूपीआय वेगळ्या फोनात, पोराकडं होतं. पण त्यांच्या व्हॉट्सॲपवरून तीच पत्रिका भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेलेली. दुकानातल्या स्टुलावर बसून, पोराला फोन लावून त्याच्याकडून त्यांनी ग्रुपवर कळवलं: "तात्यांच्या नावानं आलेली पत्रिका कुनी उघडू नगा. आमच्यात कुनाचं लगीन न्हाई." तोवर मंडळातल्या दोघांनी आहेर काय द्यायचा म्हणून विचारलंही होतं.